किती वॅटचा लावू?

सुरतेत रो हाउस घेतलं, पुढे गाडीची जागा सोडून दहा बाय पंधरा फुटांची माती उरली, तिथे तुळस, मोगरा, एक चिकू आणि कुंपणाला आसोपालव लावला, की घरातलं कोणीतरी इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन विचारतं, "बागेत लावायला किती वॅटचा घेऊ?" दुकानदाराला हा प्रश्न रोजचाच. "पचास वॉटनो लई जाओ, भाऊ," म्हणत तो एक चपटा फोकस काउंटरवर ठेवतो. तो गेटवर लागतो, सगळं लख्ख दिसतं आणि मग संध्याकाळी ओट्यावर कोणी बसेनासं होतं. डोळ्यांवर फोकस घेऊन चहा पिणार कोण?

खरं तर सुरतेतल्या माणसाला बाहेर बसण्याचं कारण शोधावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन उतरल्याशिवाय अंगणात पाऊल टाकवत नाही. डिसेंबर-जानेवारीत पोंक येतो, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, आणि तो चार माणसं जमवून खायचा असतो. उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या खानदेशी घरांत कोजागिरीचं दूध आटतं आणि दुसऱ्याच दिवशी शहराबरोबर चांदनी पडव्याची घारीही खाल्ली जाते. या सगळ्याला उजेड लागतो, पण फार थोडा. तो किती, कुठे आणि पावसाळ्यात टिकेल असा कसा, हे या प्रकरणात पाहू.

१. वॅट आणि उजेड

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. उजेड किती देतो ते ल्युमेनमध्ये मोजतात. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन द्यायचा. आजचा बरा एलईडी एका वॅटला ८० ते १०० ल्युमेन देतो, म्हणजे तेवढाच उजेड आठ-नऊ वॅटमध्ये होतो. आपल्या डोक्यात हिशेब अजून साठ-शंभर वॅटच्या काळातला असतो, म्हणून बागेत हमखास गरजेच्या कितीतरी पट उजेड लावला जातो.

दुसरं माप लक्स. एक ल्युमेन उजेड एक चौरस मीटर जागेवर पसरला की तिथे एक लक्स. बैठकीच्या खोलीत शंभर-दीडशे लक्स पुरतात. भर दुपारी उन्हात एक लाखाच्या आसपास असतात. आणि पौर्णिमेचं टिपूर चांदणं? पाव लक्स. त्या पाव लक्समध्ये गच्चीवर दुधाचा पेला ओळखू येतो, समोरचा माणूस कळतो, जिना उतरता येतो.

आता हिशेब करू. गेटपासून दारापर्यंतची वाट सहा मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, म्हणजे नऊ चौरस मीटर. पायाखालचा दगड, पायरी, एखादं जनावर नीट दिसावं म्हणून दहा लक्स धरू. जमिनीवर ९० ल्युमेन पोहोचायला हवेत. निम्मा उजेड इकडेतिकडे जातो असं समजलं तरी दिव्यांतून १८० ते २०० ल्युमेन निघाले की झालं. म्हणजे साऱ्या वाटेला मिळून दोन-तीन वॅट! दीड वॅटचे दोन छोटे दिवे पुरतात. दुकानदाराने दिलेला पन्नास वॅटचा फोकस चार-पाच हजार ल्युमेन ओततो. तो क्रिकेटच्या खेळपट्टीला ठीक आहे.

म्हणून दुकानात जाताना वॅट विचारू नका, खोक्यावर ल्युमेन वाचा. ल्युमेनचा आकडाच छापलेला नसेल तर तो दिवा परत ठेवा. खोक्यावर बीआयएसचं नोंदणी चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा क्रमांक आहे ना, तेही पाहा. एलईडी दिवा आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणारा डबा, दोन्हींना ही नोंदणी सक्तीची आहे.

२. दिवा कुठे, अंधार कुठे

डोळ्यांची बाहुली समोरच्या सगळ्यात प्रखर ठिपक्याप्रमाणे आकसते. गेटवर एक भगभगीत दिवा असला की त्याच्या मागचा सगळा भाग काळाठिक्कर होतो. चोरासाठी फोकस लावला म्हणतात, पण फोकसच्या आड उभा असलेला माणूस घरातून दिसत नाही, हे कोणी तपासून पाहत नाही. नियम एवढाच: ओट्यावर खुर्चीत बसल्यावर उजळलेली वस्तू दिसावी, दिव्याचा ठिपका दिसू नये.

वाटेसाठी गुडघ्यापर्यंत उंचीचे, टोपीखालून खाली उजेड टाकणारे दिवे घ्या. दुकानात त्यांना बोलार्ड म्हणतात. पायरीच्या ओठाखाली एखादी पट्टी लावली की म्हाताऱ्या माणसांची सोय होते. झाडासाठी जमिनीत खोचायचा स्पाइक लाइट मिळतो. तो घेताना बीम अँगल विचारा, म्हणजे उजेडाचा झोत किती अंशांनी पसरतो ते. तीस अंशांचा झोत तीन मीटर वर गेल्यावर साधारण दीड मीटर रुंद होतो. सरळ उंच आसोपालवाला पंधरा अंश पुरेत, पसरलेल्या आंब्याला साठ हवेत. आणि सगळी झाडं उजळायची नसतात. लहान बागेत एकच झाड उजळावं, बाकीच्यांना अंधारात राहू द्यावं. त्या अंधारामुळेच बाग आहे त्याहून खोल वाटते.

रंगाचं माप केल्विन. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, दुकानाच्या भाषेत वॉर्म व्हाइट. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, कूल डे लाइट. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, त्यावर पिवळ्या पावडरीचा थर देऊन तो पांढरा करतात. निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते म्हणूनच. थर बेताचा असला की निळा जास्त शिल्लक राहतो, आणि किड्यांचे डोळे निळा अन् त्यापलीकडचा अतिनील प्रकाश चटकन टिपतात. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्यांचा जो थवा दारात येतो, तो कूल डे लाइटवर जास्त येतो.

हे किडे दिव्याभोवती घिरट्या का घालतात, याचं एक पटणारं उत्तर २०२४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात आलं. वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण केल्यावर दिसलं की उडणारा किडा आपली पाठ उजेडाकडे वळवतो. आभाळ नेहमी वर आणि उजळ असतं, या हिशेबाने हजारो पिढ्या तो तोल सांभाळत आलाय. दिवा बाजूला आला की तो बाजूला कलतो आणि तिथेच गोल फिरत राहतो. म्हणून दिवा खाली तोंड करून, झाकलेला आणि मुख्य दारापासून दोन-तीन मीटर दूर असावा. डासांवर याचा फारसा उपयोग नाही. ते आपल्या श्वासावर आणि अंगाच्या वासावर येतात.

झाडांनाही रात्र लागते. शेवंती रात्र लांबली की कळी धरते. कुंडी रात्रभर दिव्याखाली ठेवलीत तर दसरा-दिवाळी येऊन जाईल आणि तुमची शेवंती नुसती पानांनी भरलेली राहील. फुलं उशिरा यावीत म्हणून विक्रीसाठी शेवंती पिकवणारे शेतकरी रात्री मुद्दाम दिवे लावतात, तेच आपण नकळत करतो.

३. पाणी आत जातं कुठून?

सुरतेच्या बागेत दिवे जळून जात नाहीत, कुजून जातात. इथे वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. डुमस-हजिऱ्याकडून खारा वारा येतो. या विषयात खरे पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात, म्हणून इथे जरा थांबू.

दिव्यावर 'आयपी' आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा. आयपी ४४ म्हणजे उडणाऱ्या शिंतोड्यांना पुरेसा, पोर्चच्या छपराखाली चालेल. आयपी ६५ म्हणजे धूळ अजिबात नाही आणि पाण्याची धार मारली तरी हरकत नाही. उघड्या बागेत याच्या खाली उतरू नका. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. जिथे पाणी तुंबतं तिथल्या जमिनीलगतच्या दिव्याला हाच हवा. आयपी ६८ कायम पाण्याखाली राहणाऱ्या कारंज्याच्या दिव्याला. एक मेख अशी की ६७ वाला दिवा धार झेलेलच असं नाही, कारण बुडवण्याची आणि धारेची चाचणी वेगळी असते. रोज पाइपने झाडांना पाणी घालताना दिव्यावर धार पडत असेल तर खोक्यावर ६५ आणि ६७ दोन्ही लिहिलेलं शोधा.

पण आकडा कारखान्यातल्या नव्या दिव्याचा असतो. तुमच्या अंगणात काय होतं ते पाहायचं तर ऑगस्टमध्ये एखादा बंद पडलेला स्पाइक लाइट उघडा. काचेच्या आतून बारीक थेंब. पितळी स्क्रू हिरवा. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी. रबराची रिंग मात्र बऱ्याचदा शाबूत! मग पाणी आलं कुठून?

आलं वायरीतून. दिवा पेटला की आतली हवा तापून फुगते आणि कुठूनतरी बाहेर पडते. विझल्यावर, विशेषतः थंड पावसाच्या सरीत, ती आकसते आणि बाहेरून हवा ओढून घेते. ओढायला सगळ्यात सोपी वाट म्हणजे वायरीच्या आवरणाखालच्या तांब्याच्या बारीक तारांमधली फट. त्या वायरीचं दुसरं टोक कुठे असतं? दोन-तीन इंच मातीत, पिळा मारून काळी टेप गुंडाळलेल्या जोडात. टेपचा गोंद एका पावसाळ्यात सुटतो, जोड चिखलात भिजतो आणि दिवा दर रात्री थोडं थोडं पाणी पितो. दिवा महाग होता की स्वस्त, याने काही फरक पडत नाही.

म्हणून जोड जमिनीत करायचाच नाही. करावाच लागला तर जेल भरलेला जोड घ्या किंवा आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा आणि तो आयपी ६७ च्या बंद डब्यात ठेवा. केबल डब्यात शिरते तिथे ग्लँड हवी, म्हणजे रबर आवळणारी ती प्लॅस्टिकची चकती-नळी. डब्याला भोक पाडून एम-सील लिंपणं चालणार नाही. केबल डब्यात वरून कधी आणू नका, खालून आणा आणि त्याआधी तिला खाली एक झोल द्या. पाणी त्या झोलावरून ठिबकून जातं. वायरमन याला वेळ जातो म्हणून टाळतो. त्याला दोनशे रुपये जास्त द्या.

दिव्याचं अंगही पाहा. साधं लोखंड दोन पावसाळ्यांत पापुद्रे धरतं. पावडर कोटिंग केलेलं ओतीव ॲल्युमिनियम, पितळ किंवा उन्हाला टिकणारं पॉलीकार्बोनेट चालेल. स्टेनलेस स्टील म्हणून जे मिळतं ते बहुधा ३०४ जातीचं असतं, आणि खाऱ्या वाऱ्यात त्यावर चहाच्या डागांसारखे ठिपके पडतात. डुमसच्या बाजूला घर असेल तर ३१६ मागा.

काळ्या मातीचंही एक दुखणं आहे. ती पावसात फुगते आणि मेमध्ये भेगाळते. नुसता खोचलेला स्पाइक एका वर्षात वाकडा होतो, ताणलेली केबल जोडातून निसटते. बोलार्डला फूटभर काँक्रीटचा पाया द्या आणि प्रत्येक दिव्यापाशी केबलचा हातभर जास्तीचा वेटोळा ठेवा.

४. बारा व्होल्ट की दोनशे तीस?

बागेत दोन तऱ्हांनी वीज नेता येते. घरातली २३० व्होल्ट सरळ दिव्यापर्यंत, किंवा घराजवळच ड्रायव्हर बसवून तिथून पुढे १२ व्होल्ट. कुदळ, उंदीर, घूस आणि अनवाणी फिरणारी मुलं जिथे आहेत तिथे मी १२ व्होल्टच्याच बाजूचा. तुटलेल्या १२ व्होल्टच्या वायरीला ओला हात लागला तरी जीव जात नाही. कारंजं किंवा कमळाची टाकी असेल तर प्रश्नच नको. ज्या पाण्यात हात जातो त्यात २३० व्होल्ट असताच कामा नये, मग तो पंप का असेना.

बारा व्होल्टची अडचण वेगळी. गच्चीवरच्या टाकीतून एकाच बारीक पाइपवर सहा नळ काढले आणि सगळे एकदम उघडले तर शेवटच्या नळाला करंगळीएवढी धार येते. तसंच शेवटचा दिवा मिणमिणतो. आकड्यांत पाहू. पाच वॅटचे सहा दिवे म्हणजे ३० वॅट. बारा व्होल्टला त्यासाठी अडीच अँपिअर करंट लागतो. दिवे वीस मीटरवर असतील तर जायला वीस आणि यायला वीस, चाळीस मीटर तांबं. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध एवढ्या लांबीला साधारण अर्धा ओहम. अडीच गुणिले अर्धा, म्हणजे सव्वा व्होल्ट वाटेतच संपले. बारातले सव्वा म्हणजे दहा टक्के. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तोटा पाऊण व्होल्टवर येतो. किंवा ड्रायव्हर मधोमध ठेवा आणि दोन्हीकडे दहा-दहा मीटर जा. २४ व्होल्टचे दिवे मिळाले तर करंट निम्मा होतो आणि हा त्रास बराच मिटतो. २३० व्होल्टवर हेच ३० वॅट असते तर तोटा नजरेतही आला नसता.

ड्रायव्हर ३० वॅटच्या भाराला ३० चा घेऊ नका, ४० चा घ्या. मेच्या उन्हात काठोकाठ चालणारा ड्रायव्हर आधी मरतो. त्याला सावलीत आणि उंचावर बसवा. किती उंच? ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा पूर आला तेव्हा अडाजण-रांदेरच काय, शहराचा बहुतेक भाग पाण्यात होता. तेवढं पाणी दरवर्षी येत नाही, पण लिंबायतसारख्या भागात खाडीचं पाणी जोराच्या पावसात घरापर्यंत येतं. शेजारच्या जुन्या माणसाला विचारा की गेल्या पावसात पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं. ड्रायव्हर आणि स्विचबोर्ड त्याच्या हातभर वर.

२३० व्होल्ट न्यायचेच असतील तर आर्मर्ड केबल, म्हणजे लोखंडी तारांचं कवच असलेली, पाऊण मीटर खोल पुरा. वर विटांचा एक थर द्या म्हणजे पुढच्या वर्षी खड्डा खणणाऱ्याला आधी वीट लागेल. बारा व्होल्टची वायर पाइपात घालून फूटभर खाली गेली तरी पुरे. पुरण्याआधी केबलच्या मार्गाचा फोनवर फोटो काढून ठेवा. कुंपणापासून किती फूट ते दिसेल असा.

५. एमसीबी आहे ना, मग?

बहुतेक घरांत एमसीबी असतो आणि लोक निर्धास्त असतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. सहा अँपिअरचा एमसीबी सहा अँपिअरहून जास्त करंट गेला की पडतो. माणसाचा जीव जायला याच्या शंभराव्या भागाएवढा करंट पुरतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यासाठी आरसीसीबी असतो. फेजवरून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलवरून परत आला का, एवढंच तो पाहतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे थोडा करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या मातीतून निसटला, की तो क्षणार्धात वीज तोडतो. बागेच्या लाइनला तीस मिलिअँपिअरचा वेगळा आरसीसीबी लावा. वेगळा अशासाठी की पावसात बागेतल्या ओलीने तो पडला तर घरातला फ्रिज बंद पडू नये. अर्थिंग तरीही लागतंच, एकाने दुसऱ्याची सुट्टी होत नाही. आणि तो वारंवार पडत असेल तर 'फार सेन्सिटिव्ह आहे' म्हणून काढून टाकू नका. कुठेतरी जोड भिजला आहे, तो शोधा.

६. सोलरवर तीनशे वॅट लिहिलंय

वायरच नको म्हणून सोलर दिवा घ्यावासा वाटतो. खोक्यावर ३०० वॅट असतं आणि किंमत हजाराच्या आत. पट्टी घेऊन त्याचं पॅनेल मोजा. पस्तीस सेंटिमीटर बाय पंचवीस. भर दुपारचं ऊन एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट पडतं आणि चांगलं पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा पकडतं. म्हणजे हे पॅनेल जास्तीत जास्त सतरा-अठरा वॅट देणार. तीनशे आणायचे कुठून?

विकत घेताना बॅटरी पाहा. ३.२ व्होल्ट आणि ६ अँपिअर-अवर लिहिलं असेल तर गुणाकार करा: १९ वॅट-तास. त्यावर तीन वॅटचा दिवा सहा तास चालतो. वाटेला तेवढा पुष्कळ झाला. पॅनेल दक्षिणेकडे, साधारण एकवीस अंश कलतं ठेवा, कारण सुरत एकवीस अक्षांशावर आहे. चिकूच्या सावलीत ठेवलेलं पॅनेल शोभेचं. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा आठवडा ऊन पडत नाही आणि नेमका तेव्हाच वाटेवर उजेड हवा असतो, म्हणून केवळ सोलरच्या भरवशावर गेट ठेवू नका. घराच्या गच्चीवर रूफटॉप सोलर असेल, आणि गुजरातेत ते पुष्कळांकडे आहे, तर बागेत वेगळे सोलर दिवे घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

७. किती वाजेपर्यंत?

पाच वॅटचे दहा दिवे रोज पाच तास लावले तर पाव युनिट, महिन्याला साडेसात युनिट. त्या बिलाची काळजी करू नका. जुना ५०० वॅटचा हॅलोजन तेवढाच वेळ लावला तर महिन्याला ७५ युनिट होतात.

वेळेचं मात्र गणित आहे. सुरत देशाच्या पश्चिम टोकाजवळ असल्यामुळे जूनमध्ये सूर्य सात वीसच्या सुमाराला मावळतो आणि डिसेंबरात सहाला. घड्याळाचा टायमर लावला तर वर्षातून चारदा तो बदलावा लागेल आणि आपण बदलत नाही. चालू करण्याचं काम अंधार ओळखणाऱ्या सेन्सरला द्या, बंद करण्याचं टायमरला. रात्री अकराला शोभेचे सगळे बंद, फक्त पायरीचा एक चालू. झाडांवरून आडव्या ओढलेल्या माळा उत्तरायणाआधी काढा. चौदा जानेवारीला त्यात मांजा अडकतो आणि तो सोडवायला पोरं कठड्यावर चढतात.

काम झाल्यावर वायरमन हिशेब सांगेल. पैसे देण्याआधी, सगळे दिवे चालू असताना, त्याच्यासमोर आरसीसीबीवरचं 'टेस्ट' लिहिलेलं बटण दाबा. बागेतले सगळे दिवे त्याच क्षणी गेले पाहिजेत आणि घरातले चालू राहिले पाहिजेत. तसं झालं नाही तर काम अपुरं आहे, पैसे राखून ठेवा. पुढेही दर महिन्याला एकदा आणि मेअखेरीस, पहिल्या पावसाच्या आधी, न चुकता ते बटण दाबा.